गिरगाव

गिरगाव : मुंबई शहराच्या दक्षिण भागातील एक जुनी व दाट वस्ती. पश्चिमेस चौपाटी व पश्चिम रेल्वेचा मार्ग, पूर्वेस भुलेश्वर व काळबादेवी, दक्षिणेस ठाकुरद्वार व सोनापूर आणि उत्तरेस प्रार्थना समाज व ऑपेरा हाउस यांच्या दरम्यानचा प्रदेश सामान्यतः या नावाने ओळखला जातो. महानगरपालिकेच्या सी आणि डी या दोन विभागांत तो विभागलेला आहे. गिरणगाव या नावाशी गिरगावचा काही संबंध नाही. गिरणगाव म्हणजे परळ–लालबाग परिसरातील कापड गिरण्यांची कामगारवस्ती; गिरगाव ही मुख्यतः कारकून, शिक्षक, वकील, छापखान्यातील कामगार व लहान व्यापारी यांची वस्ती होय. मलबार टेकडीच्या पायथ्याचे गाव म्हणून ‘गिरिग्राम’ व त्यावरून ‘गिरगाव’ अशी नावाची व्युत्पत्ती सामान्यतः दिली जाते.

गिरगावच्या इतिहासात एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. येथील घरे लहान होती आणि पाणी, शौचकूप, जिना, गच्ची, अंगण, वाचनालय इ. सोयी अनेकांच्या सामाईक होत्या. या सामाईक जागांतूनच उत्सव, मेळे, नाटकमंडळ्या, सभा व सहकारी उद्योग उभे राहिले. खाजगी जागेची टंचाई आणि सार्वजनिक जीवनाची समृद्धी या दोन्ही गोष्टी येथे परस्परांत गुंतलेल्या होत्या. या वस्तीच्या आजच्या पुनर्बांधणीचा प्रश्नही त्यामुळेच केवळ इमारतींचा राहिलेला नाही.

वाड्या व भाट : सतराव्या व अठराव्या शतकांत मुंबई बेटाच्या या किनाऱ्यावर माडांच्या बागा, भातशेती व विरळ घरे होती. कोळी व भंडारी हे येथील जुने रहिवासी होत. माडाची ताडी काढणे हा भंडाऱ्यांचा परंपरागत व्यवसाय होता. माडांच्या बागेला पोर्तुगीज शब्दावरून इंग्रज ‘ओर्ट’ म्हणत. स्थानिक लोक तिला वाडी किंवा भाट म्हणत. बागा गेल्या, तरी ही नावे टिकून राहिली. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, जांभूळवाडी व ताडवाडी ही नावे झाडांवरून पडलेली आहेत. मुगभाट व बोरभाट या नावांत ‘भाट’ हा बागायती जमिनीचा वाचक शब्द उरला आहे. झावबावाडी, उरणकरवाडी, जितेकरवाडी, खोताची वाडी यांसारखी नावे मालक किंवा घराणे सुचवितात. गिरगावच्या गल्ल्या अरुंद, वळणावळणाच्या व पुष्कळदा पुढे बंद होणाऱ्या आहेत. याचे कारण त्या आखून केलेल्या रस्त्यांतून निर्माण झालेल्या नाहीत. बागांमधील पायवाटा व मालकीच्या हद्दी यांनीच त्यांना आकार दिला.

खोताची वाडी हे या जुन्या रचनेचे सर्वांत परिचित उदाहरण होय. पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांच्या नावावरून ही वाडी ओळखली जाते. त्यांच्याकडून जागा घेऊन मुख्यतः ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी येथे घरे बांधली. लाकडी जिने, पुढील पडवी व उतरती कौलारू छपरे असलेली ही बैठी व एकमजली घरे गोवा व वसईकडील घरांशी नाते सांगतात. वाडीजवळच सेंट तेरेसा चर्च आहे. पुनर्बांधणीच्या लाटेत यांतील अनेक घरे नाहीशी झाली असून थोडीच शिल्लक आहेत.

वस्तीची वाढ : १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या कोटात मोठी आग लागली. तीत एतद्देशीय वस्तीचा बराच भाग भस्मसात झाला. त्यानंतर कोटाबाहेर उत्तरेस वस्ती वाढू लागली. पाठारे प्रभू, सोनार, सारस्वत, ब्राह्मण, गुजराती व पारशी कुटुंबांनी गिरगाव व त्याच्या आसपास घरे केली. मुंबईतील सार्वजनिक जीवनाचे एक आद्य नेते जगन्नाथ शंकरशेट (१८०३–६५) यांचा वाडाही याच भागात होता. १८४९ च्या सुमारास स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने मुलींच्या शाळा सुरू केल्या, तेव्हा नाना शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात जागा देऊन या कार्यास आधार दिला. गिरगावच्या मुख्य रस्त्याला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मुंबईचा कापसाचा व्यापार भरभराटीस आला. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. युद्ध संपताच तेजी ओसरली आणि १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ पर्यंत खाली आली. तथापि तेजीच्या काळात सुरू झालेला बदल थांबला नाही. कोटाच्या तटभिंती १८६० नंतरच्या दशकात पाडण्यात आल्या. सरकारी कचेऱ्या, न्यायालये, रेल्वे व व्यापारी पेढ्या यांना लिहिता-वाचता येणारे नोकर हवे होते. रत्नागिरी जिल्हा व एकूण कोकण, तसेच देशावरून अशी माणसे येऊ लागली. कोटातील कचेऱ्यांना पायी जाता येईल इतक्या अंतरावर असलेले गिरगाव त्यांना सोयीचे होते. जमीनमालकांनी बागा तोडून भाड्याच्या चाळी बांधल्या.

रस्ते व दळणवळण : गिरगावची रचना समांतर जाणाऱ्या तीन मुख्य रस्त्यांवर उभी आहे. पहिला धोबीतलावाकडून उत्तरेस जाणारा जुना गिरगाव रस्ता (आता जगन्नाथ शंकरशेट मार्ग), दुसरा त्याच्या पूर्वेचा गिरगाव बॅक रोड (आता विठ्ठलभाई पटेल मार्ग) व तिसरा रेल्वेला लागून समुद्राच्या बाजूने जाणारा क्वीन्स रोड (आता महर्षी कर्वे मार्ग). यांना जोडणाऱ्या आडव्या रस्त्यांत ठाकुरद्वारचा रस्ता, कांदेवाडीचा रस्ता (आता खाडिलकर मार्ग) आणि प्रार्थना समाजाजवळचा चर्नी रोड (आता राजा राममोहन रॉय मार्ग) हे प्रमुख होत. चर्नी रोड हे नाव ‘चरणे’ या क्रियापदावरून, म्हणजे येथील गुरांच्या चराऊ रानावरून आले, असे सांगितले जाते.

बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६० नंतरच्या दशकात ग्रँट रोडपासून दक्षिणेस बॅक बेच्या किनाऱ्याने वाढविण्यात आला. १८६७ मध्ये विरारहून बॅक बेपर्यंत उपनगरी गाडी धावू लागली. चर्नी रोड हे गिरगावचे जवळचे स्थानक झाले. रुळांमुळे वस्ती व समुद्रकिनारा यांच्यामध्ये एक रेघ आखली गेली, परंतु त्याच रुळांनी गिरगावला उत्तरेकडील उपनगरांशीही जोडले. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये व विजेची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली. गिरगावच्या मुख्य रस्त्यावरील ट्राम ही सामान्य रहिवाशाची स्वस्त सवारी होती. १९२६ पासून शहरात मोटारबस आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतील अखेरची ट्राम धावली. बॅक बेच्या भरावावरील मरीन ड्राइव्हचा रस्ता १९४० च्या सुमारास पूर्ण झाला. त्यामुळे चौपाटी दक्षिणेकडील नव्या वस्तीशी जोडली गेली.

पाणी, उजेड व मलनिःसारण : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गिरगावचे लोक विहिरी व तलाव यांवर अवलंबून होते. उन्हाळ्यात विहिरी आटत व पाणी मचूळ होई. विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६० च्या सुमारास त्याचे पाणी शहरात आले. पुढे तुळशी (१८७९) व तानसा (१८९२) या तलावांची त्यात भर पडली. नळ प्रथम रस्त्यावर, मग चाळीच्या अंगणात व त्यानंतर मजल्यावर आला. खोलीत मोरी असली, तरी नळ बहुधा सामाईकच असे. पाणी ठराविक वेळीच येत असल्याने पहाटे हंडे-कळशांची रांग लावणे, पिंपे भरून ठेवणे आणि शेजारणीच्या घरी आजारपण असल्यास तिचेही पाणी भरणे हा स्त्रियांच्या दिनक्रमाचा भाग बनला. नळावरील भांडणे प्रसिद्ध आहेत. नळावर पाळले जाणारे अलिखित नियम तितके प्रसिद्ध नाहीत.

नळ आल्यावरही विहिरी बराच काळ वापरात होत्या. मलेरियाविषयी चार्ल्‌स बेंटली यांनी १९११ मध्ये दिलेल्या अहवालात शहरातील उघड्या विहिरी डासांची उत्पत्तिस्थाने असल्याचे दाखविण्यात आले. त्यानंतर नगरपालिकेने विहिरी बुजविण्यास किंवा झाकण्यास भाग पाडले. धार्मिक कृत्यांसाठी विहिरीचे पाणी आवश्यक मानणाऱ्या हिंदू व पारशी रहिवाशांनी त्यास विरोध केला. रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ पासून लागू लागले. विजेचा प्रसार मुख्यतः विसाव्या शतकातील आहे. चाळीतील जिन्यात व गॅलरीत लागलेला एकच दिवा कित्येक विद्यार्थ्यांचा अभ्यासाचा दिवा होता.

मलनिःसारणाचा इतिहास हा या सामाईक जीवनाची दुसरी बाजू दाखवितो. दोन चाळींच्या पाठीमागील अरुंद बोळातून टोपलीच्या शौचकूपांची सफाई होत असे. हे काम करणाऱ्यांना ‘हलालखोर’ म्हणत आणि त्यासाठी नगरपालिका हलालखोर कर आकारीत असे. गुजरात-काठेवाडकडून व उत्तरेकडून आलेल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील स्त्रीपुरुष पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत. त्यांचा वावर मागील बोळापुरता होता. पुढील अंगणातील नळ व उत्सव यांत त्यांना स्थान नव्हते. १८८९ मध्ये हलालखोरांनी संप केला, तेव्हा शहराचे आरोग्य कोणाच्या श्रमावर उभे आहे याची प्रचीती सर्वांस आली. भूमिगत गटारांचे जाळे जसजसे पसरले, तसतशी टोपलीची शौचकूपे कमी होत गेली. चाळीतील बंधुभावाचे वर्णन करताना त्याची ही सीमा ध्यानात घेणे आवश्यक आहे. जातवार वसलेल्या वाड्या व जात विचारून दिल्या जाणाऱ्या खोल्या हेही या वस्तीचे दीर्घकाळ टिकलेले वास्तव होय.

प्लेग व नगरसुधारणा : सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गाठीच्या प्लेगचा रोगी आढळला व साथ लवकरच शहरभर पसरली. हजारो लोकांनी मुंबई सोडली. घरांची तपासणी, रोग्यांना सक्तीने हलविणे आणि सामानाचे निर्जंतुकीकरण यांमुळे असंतोष निर्माण झाला. दाट वस्ती, कोंदट खोल्या व हवा खेळण्यास नसलेली जागा यांकडे सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ मध्ये मुंबई नगरसुधार न्यास (बाँबे सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाला. समुद्रावरील वारा दाट वस्तीत शिरावा, म्हणून न्यासाने पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे रुंद रस्ते काढले. चौपाटीकडून पूर्वेकडे जाणारा सँडहर्स्ट रोड (आता सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) व गिरगावच्या दक्षिणेस असलेला प्रिन्सेस स्ट्रीट (आता शामळदास गांधी मार्ग) हे त्यांतील प्रमुख होत. या रस्त्यांसाठी पुष्कळ घरे पाडण्यात आली, परंतु विस्थापितांपैकी सर्वांना नवी घरे मिळाली नाहीत; अनेकांनी शेजारच्या चाळींतच आसरा शोधला व तेथील गर्दी वाढली. सार्वजनिक हितासाठी घरे पाडणे आणि त्यातील माणसांची सोय लावणे या दोन कामांतील अंतर गिरगावने प्रथम याच वेळी अनुभवले. १९३३ मध्ये न्यासाचे काम नगरपालिकेकडे सोपविण्यात आले.

चाळ : गिरगावातील चाळ साधारणतः तीन ते चार मजल्यांची, लाकडी सांगाडा व विटांच्या भिंती असलेली असे. एका लांब गॅलरीवर ओळीने खोल्या, गॅलरीच्या टोकाला शौचकूपे, मध्ये किंवा कडेला लाकडी जिना आणि दोन चाळींच्या मध्ये अंगण अशी तिची रचना असे. एका बिऱ्हाडास एक किंवा दोन खोल्या मिळत. पुढची खोली दिवसा बैठकीची, रात्री झोपण्याची व परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाची असे. पुरुष व मुले उन्हाळ्यात गॅलरीत किंवा गच्चीवर झोपत. गावाहून नोकरी शोधण्यास आलेला भाचा किंवा पुतण्या याच जागेत सामावून घेतला जाई. कुटुंब गावी ठेवून आलेले नोकरदार खानावळीत महिन्याच्या बोलीने जेवत. गिरगाव व ठाकुरद्वार भागातील खानावळी आणि उपाहारगृहे यांचा उदय या गरजेतून झाला. मेतकूट, भाजणी, पोह्याचे पापड, कोकम इ. कोकणी जिन्नस विकणारी दुकाने, पूजेच्या साहित्याची दुकाने आणि गणेशमूर्तींचे कारखाने ही या बाजाराची वैशिष्ट्ये होत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले, तेव्हा शिधावाटपाच्या दुकानाची भर पडली. १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत सुरू झाल्यावर पहाटेच्या रांगांत दूधकेंद्रावरील रांगही आली.

चाळीतील माणसांच्या स्वभावांचे विनोदी व हृद्य दर्शन पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांनी बटाट्याची चाळ (१९५८) या पुस्तकातून घडविले. त्यांचा जन्म गिरगावलगतच्या गावदेवी भागातला.

सामाईक जागेतून संस्था : कांदेवाडीतील केशवजी नाईक यांच्या चाळीत १८९३ मध्ये सुरू झालेला गणेशोत्सव हा मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव मानला जातो. १९०१ मध्ये लोकमान्य टिळकांनी या उत्सवास भेट दिली होती. अंगण हे मंडप, गॅलऱ्या हे प्रेक्षागृह आणि बिऱ्हाडवार वर्गणी हे भांडवल, अशी या उत्सवाची साधी अर्थव्यवस्था होती. व्याख्याने, कीर्तने, मेळे व नाटिका यांतून वक्ते, गायक व नट घडले. वर्गणीचा हिशेब भिंतीवर लावण्याची पद्धत लहान असली, तरी सार्वजनिक पैशाच्या जबाबदारीचा तो पहिला धडा होता.

सामाईक जागेचे दुसरे उदाहरण आर्थिक क्षेत्रातील आहे. मार्च १९५९ मध्ये गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यांतूनच ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही देशभर पसरलेली संस्था उभी राहिली. सर्व सभासद भगिनी मालक, हे तिचे तत्त्व होय. आरंभीच्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री हा किताब जाहीर झाला. घरात जागा नसलेल्या स्त्रियांना गच्ची उपलब्ध होती, ही बाब या उद्योगाच्या उगमाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

धर्मसुधारणा, शिक्षण व कला : १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे मंदिर गिरगावात आहे आणि त्या चौकाला व परिसराला समाजाचेच नाव पडले आहे. आत्माराम पांडुरंग, महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे समाजाचे प्रमुख धुरीण होत. स्वामी दयानंद सरस्वती यांनी १८७५ मध्ये आर्य समाजाची स्थापना केली, तीही गिरगावातच. पंडिता रमाबाई यांनी विधवांच्या शिक्षणासाठी काढलेले ‘शारदा सदन’ मार्च १८८९ मध्ये चौपाटीजवळ सुरू झाले व पुढील वर्षी पुण्यास हलविण्यात आले. विल्सन महाविद्यालयाची चौपाटीसमोरील इमारत १८८९ मधील आहे. आर्यन एज्युकेशन सोसायटी व चिकित्सक समूह यांच्या शाळांनी मराठी माध्यमातून कित्येक पिढ्या शिकविल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुटुंबे उपनगरांत गेल्यावर या शाळांतील विद्यार्थिसंख्या घटत गेली.

संगीताच्या क्षेत्रात बा. र. देवधर यांनी १९२५ मध्ये काढलेले ‘स्कूल ऑफ इंडियन म्यूझिक’ उल्लेखनीय आहे. कुमार गंधर्व तेथे शिकले. मुंबई मराठी साहित्य संघाची स्थापना १९३५ मध्ये झाली. डॉ. अ. ना. भालेराव यांनी संघाच्या नाट्यशाखेस व नाट्यमहोत्सवांस चालना दिली. केळेवाडीतील संघाचे नाट्यगृह १९६४ मध्ये उभे राहिले व त्यास त्यांचे नाव देण्यात आले. मौज प्रकाशन गृह (खटाववाडी) व केशव भिकाजी ढवळे यांसारख्या प्रकाशनसंस्था आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९२३ मध्ये सुरू केलेले नवाकाळ हे दैनिक यांनी गिरगावला मराठी मुद्रणाचे केंद्र बनविले. लेखक, मुद्रितशोधक, जुळारी व बांधणीकार हे एकाच गल्लीत राहत असल्याने ग्रंथनिर्मितीची सारी कामे पायी जाण्याच्या अंतरात होत.

भारतीय चित्रपटाच्या आरंभाशीही या परिसराचे नाते आहे. दादासाहेब फाळके यांनी गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला व त्यातून त्यांना प्रेरणा मिळाली. त्यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी प्रदर्शित झाला. आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. ही दोन्ही चित्रपटगृहे आता नाहीत. ऑपेरा हाउसची इमारत मात्र डागडुजी होऊन २०१६ मध्ये पुन्हा खुली झाली.

राजकीय चळवळी : होमरूल चळवळीच्या काळात शांतारामाच्या चाळीच्या आवारात मोठ्या सभा होत. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्यांच्यावर चौपाटीच्या वाळूत अंत्यसंस्कार करण्यात आले; पुढे त्या जागी त्यांचा पुतळा उभारण्यात आला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरगाव अग्रभागी होते. २० नोव्हेंबर १९५५ रोजी मोरारजी देसाई व स. का. पाटील यांची चौपाटीवरील सभा श्रोत्यांच्या प्रक्षोभामुळे उधळली गेली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याच्या घोषणेनंतर शहरात उद्रेक झाला व गिरगाव–ठाकुरद्वार परिसरातही पोलिसांनी गोळीबार केला. चाळींची अंगणे, एकमेकींस जोडलेल्या गच्च्या व आडवाटा यांचा आंदोलकांना आश्रय म्हणून उपयोग झाला.

भाडेनियंत्रण व मोडकळीस आलेल्या इमारती : पहिल्या महायुद्धाच्या काळात घरटंचाई वाढली आणि १९१८ मध्ये भाडेवाढीवर प्रथम बंधने आली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजीच्या पातळीशी बांधले. मध्यमवर्गीय व गरीब भाडेकरू शहराच्या मध्यभागी टिकून राहिले, ते मुख्यतः या कायद्यामुळे. परंतु भाडे गोठले आणि दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, तसे मालकांनी इमारतींकडे दुर्लक्ष केले. खोली हस्तांतरित करताना ‘पागडी’ घेण्याची चाल रूढ झाली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने (अंमल २००० पासून) तिला वैधता दिली.

पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळून माणसे दगावू लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. भाडेकरूंकडून उपकर घेऊन मंडळाने दुरुस्ती करावी, अशी ही योजना होती. बेट-शहरातील १९,६४२ इमारती उपकरप्राप्त ठरल्या. त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. १९७७ मध्ये हे मंडळ महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणात (म्हाडा) समाविष्ट झाले. धोकादायक इमारतींतील रहिवाशांना संक्रमण शिबिरांत हलविण्यात आले. शिबिरे बहुधा दूरच्या उपनगरांत असल्याने तात्पुरते म्हणून गेलेल्या अनेक कुटुंबांचे तेथील वास्तव्य पिढीभर लांबले.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीस जादा चटईक्षेत्र देऊ केले. जुन्या भाडेकरूंना त्याच जागी मालकीची घरे द्यावी व उरलेले क्षेत्र विकून खर्च भागवावा, हे तिचे सूत्र होय. २००९ नंतर अनेक इमारतींच्या समूहाच्या पुनर्विकासालाही उत्तेजन मिळाले. २०२२ मध्ये म्हाडा कायद्यात दुरुस्ती होऊन मालकाने पुनर्विकास न केल्यास तो करण्याची संधी भाडेकरूंच्या संस्थेस व त्यानंतर म्हाडास देण्यात आली. तिच्या अंमलबजावणीचे प्रश्न न्यायालयांतही गेले. शहराच्या भुयारी मेट्रो मार्गावरील गिरगाव व काळबादेवी स्थानकांसाठी काही जुन्या इमारती पाडण्यात आल्या. तेथील रहिवाशांनी त्याच परिसरात पुनर्वसनाची मागणी लावून धरली. हा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये दक्षिणेकडे पूर्ण होऊन गिरगावचे स्थानक प्रवाशांसाठी खुले झाले.

मूल्यमापन : स्वतंत्र नळ, घरातील शौचालय, उद्वाहक व आगीपासून संरक्षण या सोयी गिरगावच्या रहिवाशांना फार उशिरा मिळत आहेत. पहाटे नळावर उभे राहणाऱ्या स्त्रीच्या किंवा चौथ्या मजल्यावरील शौचकूपासाठी गॅलरी ओलांडणाऱ्या वृद्धाच्या दृष्टीने जुनी चाळ सुखाची नव्हती. त्यामुळे चाळीचा केवळ गौरव करणे योग्य ठरणार नाही. मात्र उंच इमारतींत गॅलरी व अंगण यांची जागा बंद दारे व वाहनतळ यांनी घेतली आहे. देखभालीचा मासिक खर्च न पेलल्याने नव्या घराचा मालक झालेला जुना भाडेकरू ते विकून दूर जातो, असेही आढळते. भाडे वाढून माणसे जाऊ नयेत म्हणून कायद्याने जे साधले, ते मालकीने सहज टिकतेच असे नाही.

गणेशोत्सवात उपनगरांत गेलेली कुटुंबे आजही जुन्या चाळीत दर्शनास व वर्गणी देण्यास येतात. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसही त्यांची गर्दी असते. यावरून वस्तीशी असलेले नाते घर सुटल्यावरही काही काळ टिकते, असे दिसते. हे नाते पुढील पिढीत टिकावयाचे असेल, तर पुनर्बांधणीच्या आराखड्यात स्वतंत्र खोल्यांबरोबरच अंगण, गच्ची, सभागृह व वाचनालय यांनाही जागा ठेवावी लागेल. तसेच जी माणसे पूर्वी मागील बोळातच राहिली, त्यांचाही त्या जागांवर समान हक्क मानावा लागेल. माडांच्या वाड्यांतून चाळी आणि चाळींतून संस्था निर्माण करणाऱ्या गिरगावचा वारसा इमारतींपेक्षा या सामाईक व्यवहारात अधिक आहे.